आग्रहाची पोळी

मुलगी एकोणीस वर्षांची, म्हणून डॉक्टरांनी मला बाहेर बसवलं. "तिनं होकार दिला तरच तुम्हाला सांगेन," म्हणाले. आईवेगळी पोर ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये मी एकट्यानं वाढवली, आणि तिच्याबद्दल ऐकायला तिचीच परवानगी! राग आला. पण ती इतकी वाळली होती की मोटरसायकलवर मागं कोणी बसलंय असं वाटायचं नाही; वळणावर मी हात मागं नेऊन चाचपायचो.

काही महिन्यांनी तिनंच मला आत बोलावलं. खाली बघत म्हणाली, "बाबा, जेवल्यावर मी बाथरूमचा नळ सोडते ना, ते ओकल्याचा आवाज जाऊ नये म्हणून. कोणाले सांगजा नका."

डॉक्टरांनी मला काम दिलं. तिच्यासोबत जेवायचं, तिच्या ताटाबद्दल बोलायचं नाही, आणि जेवण झालं की तिला एकटं सोडायचं नाही. मग आम्ही पत्ते खेळायला लागलो.

"बाबा, एक्का मांडीखाली लपवून राह्यले तुम्ही!"

"तुह्या डोळ्यात तर एक्स-रे मशीन हाय!"

ती हसायची. नळ बंद असायचा. हळूहळू गालावर थोडं मांस दिसू लागलं.

मग राजुऱ्याला बहिणीकडे महालक्ष्म्यांचं जेवण आलं. आमच्या घराण्यात पंगतीतून आग्रहाची पोळी घेतल्याशिवाय कोणी उठत नाही. मला त्या पोळीचीच धास्ती. म्हणून आधी फोन करून बहिणीला सांगितलं, पोरीला आग्रह करू नको.

"काऊन? माह्या हातचं गोड नाई लागत का तिले?"

ती ऐकेना, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. नळाचंही. वाटलं, कळलं की जपेल.

बहीण जपलीच, तिच्या परीनं. भर पंगतीत तुपानं निथळती पोळी घेऊन पोरीसमोर वाकली. "खाय वं माय. आज नळ सोडाले गेली तं मी बी मांगं येतो. तुह्या बापानं सांगतलं मले सगळं." बायका हसल्या. बहिणीच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं.

पोरीनं ती पोळी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. चावताना माझ्याकडे बघत होती. मग उठली आणि मोटरसायकलजवळ जाऊन उभी राहिली. वाटेत मी माफी मागितली. हेल्मेटमुळे ऐकू गेलं नसेल, असं मी अजून स्वतःला समजावतो.

पुढच्या वेळी डॉक्टर बाहेर आले. "आता तिचा होकार नाही," एवढंच म्हणाले. मी बहिणीबद्दल सांगायला लागलो, तर त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि आत गेले.

अजूनही मीच तिला नेतो. बाहेरच्या बाकावर बसतो. घरी ती ताट घेऊन खोलीत जाते. थोड्या वेळानं नळ सुटतो. तोंड धूत असेल. मला कळायला आता मार्ग नाही. मी पत्ते पिसतो, दोघांचे वाटतो आणि तिचे पालथे ठेवून बसून राहतो.