अर्ध्यावर तोडलेली बारी

आमच्या स्वयंसेवक गटाच्या प्रमुख बाईंनी मुलुंडच्या वृद्धाश्रमातल्या एका ब्याऐंशी वर्षांच्या भजनी बुवाला फसवलं. सौदा मी केला होता, म्हणजे फसलो मीही. पण हरला तो.

मी मंडपवाला. दुसऱ्याचे बांबू खांद्यावर वाहून सुरुवात केली, आता स्वतःचं गोदाम आहे. गटाला मी खुर्च्या आणि स्पीकरपुरता हवा होतो, हे मला पहिल्याच रविवारी कळलं. बाकीचे पिवळे टी-शर्ट घालून म्हाताऱ्यांना हसायला शिकवायला येतात. आयुष्यभर सरकारी ऑफिसात लोकांना रांगेत उभं करत आलेल्या गृहस्थाला ‘दादू’ म्हणायचं, डोक्यावर सोनेरी कागदाचा मुकुट ठेवायचा, टाळ्या वाजवायला लावायच्या आणि फोटो काढायचा. हाऊजीत टक्कल पडलेल्या माणसाला कंगवा बक्षीस दिला, तेव्हाही सगळे फोटोच काढत होते.

त्या आश्रमात दोन बुवा आहेत. दोघे कोकणातले, दोघे गिरणीत होते, आणि तरुणपणी एकमेकांसमोर भजनाची डबलबारी करायचे. एका बुवाने आपल्या बारीत गाऊन प्रश्न टाकायचा, दुसऱ्याने आपल्या बारीत गाऊन उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही की तो हरला. का आलं नाही, कोणी विचारत नाही. आश्रमात गट करतो त्या वार्षिक कार्यक्रमात शेवटची एक बारी करायची दोघांची इच्छा होती.

बाई म्हणाल्या, “दहा मिनिटं देते.”

“दहा मिनिटांत बुवाचा घसा मोकळा होत नाही, मॅडम. तास द्या.”

“तास? लोक झोपतील.”

“तुमच्या भाषणात झोपतात, ते चालतं ना?”

घासाघीस करून चाळीस मिनिटांवर आलो. वीस-वीस. बदल्यात खुर्च्या, पडदे, स्पीकर सगळं माझं, फुकट. शब्दावर विश्वास ठेवला, लिहून घेतलं नाही. धंद्यात मी असा गाढवपणा कधी केलेला नाही.

पहिल्या बुवाने नमन केलं, रंग चढवला आणि विसाव्या मिनिटाला प्रश्न टाकला. दुसरा बुवा महिनाभर घोकलेलं उत्तर घेऊन पेटीशी सरकला. त्याने सूर धरला, आणि बाईंनी माइक उचलला. “खूप छान. आता सगळ्यांची आवडती हाऊजी.”

मी स्टेजवर गेलो. “अहो, त्याची बारी बाकी आहे.”

“दोघांचं सारखंच तर असतं. एकाचं ऐकलं ना?”

मी स्पीकरची वायर उपटली. हाऊजीचे आकडे त्यांना ओरडून सांगावे लागले. पण वायर उपटल्याने बुवाची बारी काही परत आली नाही.

आता रोज जेवणाच्या वेळी पहिला बुवा विचारतो, “काय बुवा, उत्तर खंय?”

“माका गाऊक दिल्यानी खंय?”

“बारीत सबब चलना नाय.”

त्याला मी दोष देत नाही. नियम तोच आहे. दुसरा बुवा हल्ली ताट खोलीतच मागवतो आणि पेटीला हात लावत नाही. गटाच्या व्हॉट्सॲपवर त्याचा मुकुटातला फोटो आहे, खाली ‘आनंदी क्षण’.

तर बाई, त्या जेवणघरात या. दोन्ही बुवांना समोर बसवा आणि सांगा, ठरलेली वीस मिनिटं कोणी खाल्ली? मला सांगू नका. रोज ‘उत्तर खंय?’ विचारतो, त्याला सांगा.