सातपूरचे दहा मेंदू

एम.टेक.च्या प्रकल्पासाठी मला दहा निरोगी मेंदू हवे होते. दोन हजार साल उलटून गेल्यानंतरची गोष्ट. एमआरआयच्या त्या खडखडाटात पाऊण तास निपचित पडायला फुकट कोण येणार? आले ते वडिलांचे सातपूरच्या कारखान्यातले दोस्त. टर्नर, फिटर, वेल्डर. रविवारी इस्त्रीचे शर्ट घालून, लग्नाला निघाल्यासारखे स्कॅन सेंटरवर हजर. दहावे वडील स्वतः.

काम ऐकायला सोपं होतं. प्रत्येकाच्या मेंदूच्या घड्या वेगळ्या. स्कॅनवरून त्या मेंदूचा पृष्ठभाग संगणकात उभा करायचा, चेंडूसारखा फुगवायचा आणि पुष्कळ मेंदूंच्या सरासरीतून केलेल्या नकाशावर सरकवत सरकवत बसवायचा. खाचेवर खाच बसली की दहा जणांची तुलना करता येते. डाव्या अर्ध्याचा नकाशा वेगळा, उजव्याचा वेगळा. एका मेंदूला आमचा संगणक दीड दिवस घ्यायचा आणि मध्येच वीज गेली की पुन्हा श्रीगणेशा. लोडशेडिंगला माझ्या पदवीशी काही देणंघेणं नव्हतं.

तरी दहाही झाले. प्रबंध द्यायला पंधरा दिवस उरले होते. मी मोठ्या ऐटीत वडिलांना संगणकासमोर बसवलं आणि त्यांचंच डोकं त्यांना पडद्यावर फिरवून दाखवलं. कारखान्यात लोखंडी दांडा लागून त्यांच्या कानावर कवटीला एक खड्डा पडलाय, तोही दिसत होता.

"पाठमोरं कर बरं," ते म्हणाले. मी केलं. "हा मी नाय."

"बाबा, तुम्हीच आहात. फाइलवर नाव आहे तुमचं."

"नाव असंल. माझी खोक उजवीकडं हाय. ही डावीकडं दावतीय."

मी भडकले. तुम्हाला यातलं काय कळतं, इथपर्यंत बोलले. आजही त्याची लाज वाटते. ते वाद न घालता उजव्या कानावर बोट ठेवून बसून राहिले. त्या बोटाकडे बघता बघता मी मूळ स्कॅन पुन्हा उघडला.

स्कॅनचं चित्र डॉक्टर रुग्णासमोर उभा असल्यासारखं असतं, त्याची उजवी बाजू आपल्या डावीकडे. मी फाइली आमच्या संगणकाला चालतील अशा रूपात बदलून घेताना दिसलं तेच डावं धरलं होतं. दहाच्या दहा मेंदू उलटे! उजवा अर्धा डाव्या नकाशावर चढवून मी महिनाभर खूश होते.

प्रकल्पाच्या मार्गदर्शक सरांना फोन केला. ते म्हणाले, "सगळं पहिल्यापासून करा. नऊ झाले तरी चालतील, आठ चालणार नाहीत." नाहीतर वर्ष गेलं. छपाईचा एक दिवस वजा जाता हातात चौदा दिवस होते, आणि वीज एकदाही न जाता नऊ मेंदूंना साडेतेरा लागणार होते.

वडिलांनी त्याच दिवशी संगणक रिक्षात घातला आणि जनरेटर असलेल्या एका दोस्ताच्या वर्कशॉपमध्ये, लेथ मशीनच्या शेजारी नेऊन ठेवला. वीज गेली की आधी माझा संगणक, मग लेथ, असा त्या भल्या माणसाने नियमच केला. चहाच्या सुट्टीत कारखान्यातला एकेक जण डोकावून जायचा. "ताई, माझा शिजला का?" एक वेल्डरकाका तर रुसलेच, शेजाऱ्याचा मेंदू आधी का लावला म्हणून. मी इतकी हसले की त्या धास्तीतही जेवण गोड लागायला लागलं.

रांग वडिलांनी लावली होती. स्वतःचा नंबर शेवटी. "पाव्हण्यांचे आधी," म्हणाले. चौदा दिवसांत दहावा बसत नाही, हा हिशेब त्यांनाही येत होता, हे माझ्या लक्षात आलं ते नववा मेंदू पुरा झाल्यावर.

प्रबंध वेळेत गेला. नऊ मेंदू, सगळे सरळ. पण वडिलांनी कॉलनीभर सांगून ठेवलं होतं की आपला मेंदू पुस्तकात छापून येणार. मला रडूच आलं. मी पेढे घेऊन त्यांच्याबरोबर वर्कशॉपवर गेले. वेल्डरकाकांनी ग्रीसच्या हातांनीच पानं उलटली, आपला मेंदू शोधून काढला, सगळ्यांना दाखवला आणि मग वडिलांना विचारलं, "तुमचा कुठंय हो?"

"माझा नाय त्यात," वडील पेढा मोडत म्हणाले. "मी माल तपासायला होतो."