दांडीला टांगलेला गोळा

"घर्षण सोडा म्हनं! तुमी सोडलं तरी ते तुमाला सोडतंय का?" असं म्हणत मिस्त्री पाटीवर पेन्सिल आपटायचे.

मानवतच्या एका जिनिंग फॅक्टरीत माझे वडील मॅनेजर होते. आम्ही आवारातच राहत होतो. हैदराबादची इंग्रजी शाळा संपवून मी घरी आले होते आणि फारशी कुणाशी बोलत नसे. फॅक्टरीचा बॉयलर सांभाळणाऱ्या मिस्त्रींना बॉयलर चालवायची सनद हवी होती. ती मिळाली नाही तर पुढच्या हंगामाला सनदवाला माणूस आणीन, असं शेठनी बजावलं होतं. गणितांचं पुस्तक इंग्रजी. म्हणून दुपारी ते ओसरीच्या पायरीवर बसत, मी दाराच्या आत बसून गणित मराठीत सांगत असे.

प्रत्येक गणिताशी, त्यातल्या 'घर्षण सोडून द्या' या सूचनेशीही, त्यांचं भांडण. "एक माणूस कप्पीने ओझं उचलतो" म्हटलं की विचारत, "जेवलाय का त्यो?" मला हसू यायचं. मी पुस्तक तोंडापुढे धरायची. तुम्हालाही अशी हुज्जत घालत शिकणारी माणसं भेटली असतील.

एकदा सेफ्टी वाल्वचं गणित आलं. दांडीच्या टोकाला वजन, त्या वजनाने वाल्व दाबून धरलेला. किती दाबाला वाफ तो उचलेल? दुसऱ्या दिवशी मिस्त्री आपल्याच बॉयलरची मापं सुतळीला गाठी मारून घेऊन आले. इंजिनाने जास्त ओढावं म्हणून शेठच्या हुकमाने दांडीला एक जादा लोखंडी गोळा टांगलेला होता, कित्येक हंगाम. तोही त्यांनी तोलला होता.

मी उत्तर काढलं. बॉयलरवरच्या पितळी पट्टीवर कोरलेल्या कमाल दाबाच्या ते खूप वर गेलं.

"परत करा, ताईसाब."

तेच आलं.

"घर्षण धरलं तर कमी व्हईल की?"

"नाही. दांडीची खीळ घट्ट असेल तर वाल्व आणखी उशिरा उचलेल."

ते सुतळीच्या गाठी सोडवत बसले. मग म्हणाले, "तर मग सोडा घर्षण."

बॉयलरच्या भिंतीपलीकडे रेच्यांवर बाया सरकी वेगळी करायला कापूस घालत. त्यांत मिस्त्रींची बायको होती.

सकाळी त्यांनी गोळा काढला. इंजिन मंदावलं, रेचे अडखळले, शेठ धावत आले. "इतकी वर्षं नाही फुटला, आता हिशेब केला म्हणून फुटेल?"

"मी लावनार न्हाई, शेठ."

दुपारी दुसऱ्या माणसाने गोळा टांगला. मिस्त्रींना काढून टाकलं. मी वडिलांना गणित दाखवलं. त्यांनी ते शेवटपर्यंत तपासलं, "बरोबर आहे" म्हणाले, आणि जेवायला बसले.

बायको कामावर येतच राहिली. फाटकापाशी त्या दोघांचं बोलणं माझ्या कानावर आलं.

"नको जाऊ तू."

"तुमी बी घरी, मी बी घरी. चुलीवर काय शिजवू, तुमचं गनित?"

तेव्हापासून ते फाटकासमोरच्या कडुलिंबाखाली दिवसभर बसू लागले. कापसाच्या गाड्यांवरून गाडीवान ओरडत, "काय मिस्त्री, फुटला का?"

"ऐकायलोय," ते म्हणत.

संध्याकाळी भोंगा होई. बायको रुईने पांढरी होऊन बाहेर आली की ते उठत आणि तिच्याकडे न बघता पुढे चालू लागत.

बॉयलर फुटला नाही. त्या हंगामात नाही, नंतरही नाही. मिस्त्री मात्र ऐन थंडीत तापाने गेले.

त्यांचं दिवसकार्य झाल्यावर बायको पुन्हा रेच्यावर आली. संध्याकाळी भोंगा झाला. ती फाटकातून बाहेर पडली आणि लिंबाकडे तोंड करून उभी राहिली. मागच्या बाया तिला वळसा घालून घरी गेल्या.