मेसेज काकांच्या फोनवर

मंडळी, आज सकाळी आमच्या रानशेतच्या पाड्यावर पाण्याचं पिंप एकदम दुप्पट महाग झालं. विहीर आटलीय, त्यामुळे टँकरवाले काका देतील तेच पाणी.

आई म्हणाली, "काका, कालपर्यंत तर कमी घेत होतात!"

काका हसले. "अगं, तुमच्या खात्यात दुष्काळाचे पैसे आलेत ना आता!"

आम्हाला पत्ताच नव्हता. मग माझी ट्यूब पेटली. खातं उघडताना घरात फोन नव्हता, म्हणून आईने विश्वासाने काकांचाच नंबर दिला होता. अख्ख्या पाड्याने दिला होता. बँकेचा मेसेज त्यांनाच जातो!

नंबर उद्या बदलून घेऊ. पण संध्याकाळी पिंप घेऊन पुन्हा त्याच्याच टँकरपुढे उभं राहायचंय. तुम्हीच सांगा, तेव्हा त्याला काका म्हणू का?