मँचेस्टरने मागितलेले दोन ई

माझ्या बाबांचा एक प्रश्न ठरलेला असायचा: किती पैकी किती? मी घरी स्पेलिंगची टेस्ट आणो नाहीतर शिवणाच्या बाईंचा शेरा, त्यांचा चष्मा कपाळावरून खाली यायचा आणि प्रश्न यायचा. इंग्लंडातल्या शाळेने त्यांची पंचाईत करून टाकली. इथे ए-लेव्हलचे, म्हणजे शाळेच्या शेवटच्या परीक्षेचे, मार्क कळतच नसत. प्रत्येक विषयाचं एक अक्षर हातात ठेवायचे. ए सगळ्यात वरचं, मग बी, सी, डी, आणि ई म्हणजे काठावर पास. बाबा वैतागायचे. ताप आहे म्हणायचं आणि किती ते सांगायचं नाही, ही कुठली पद्धत, असं त्यांचं म्हणणं.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही लंडनजवळ स्लाऊला राहायचो आणि बाबा तिथल्या हॉस्पिटलात म्हाताऱ्या पेशंटच्या वॉर्डात डॉक्टर होते. पुण्याहून निघताना त्यांना वाटलं होतं, थोड्या वर्षांत कन्सल्टंट, म्हणजे वॉर्डाचे मुख्य डॉक्टर, होऊ. पण प्रत्येक इंटरव्ह्यूनंतर एक नवी अट निघायची. अजून एक परीक्षा द्या. अजून थोडा अनुभव घ्या. बाबा परीक्षा द्यायचे, अनुभव घ्यायचे, आणि जागा त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या एखाद्या गोऱ्या पोराला मिळायची. माझं डोकं फिरायचं. ते मात्र सूट काढून नीट हँगरला लावायचे आणि आईला म्हणायचे, चहा टाक.

मला गणित शिकायचं होतं. दुसरं काही नकोच होतं. ओळखीच्या बायका आईला सांगायच्या, मुलीच्या जातीला गणित घेऊन काय करायचंय, नर्सिंगला घाला. बाबांनी त्या बायकांना कधी भीक घातली नाही, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात ते उगाच वाईट दिसतील.

इथली युनिव्हर्सिटी परीक्षेच्या आधीच सांगायची, अमुक अक्षरं आण, जागा तुझी. मँचेस्टरला मला इंटरव्ह्यूला बोलावलं. मी एकटीच ट्रेनने गेले. तिथल्या वयस्क प्रोफेसरांनी माझ्या हातात खडू दिला आणि एक कोडं घातलं. बुद्धिबळाच्या पटाची तिरप्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतली घरं कापून टाकली, तर उरलेला पट दोन-दोन घरं झाकणाऱ्या फरश्यांनी पूर्ण भरता येईल का? मी फळ्यावर बरंच खरडलं, पुसलं, परत खरडलं. मग एकदम उमजलं आणि मी मोठ्याने हसले. तेही हसले. इतका आनंद मला आजवर कुठल्याच परीक्षेने दिला नव्हता.

काही दिवसांनी मँचेस्टरचं उत्तर आलं. त्यांना फक्त दोन ई हवे होते. लंडनच्या दोन कॉलेजांनी गणितात बी मागितला होता.

बाबांनी मँचेस्टरचा कागद टेबलाच्या कडेला सारला. पुण्यात त्यांनी उभा जन्म हेच पाहिलेलं: चांगल्या कॉलेजचा प्रवेश वरच्या मार्कांना बंद होतो, आणि जिथे काठावर पास झालेला चालतो तिथे कुणाचंच भलं होत नाही. ई मागणारं कॉलेज म्हणजे ज्याला पोरं मिळत नाहीत असं कॉलेज. दोनच जागा हातात ठेवता येत होत्या, एक पहिली आणि एक अडीअडचणीची. त्यांनी दोन्ही लंडनच्या ठेवल्या. मला मँचेस्टरच हवं होतं, पण त्यांचं म्हणणं मलाही पटलं. आमच्यात कुणाला त्यात वेगळं काही दिसलंच नसतं.

शाळेत जाऊन विचारायचं कुणाला सुचलं नाही. आमच्याकडे शाळेत आईबाप बोलावल्यावरच जातात. उत्तरं पाठवून झाल्यावर मी सहज आमच्या गणिताच्या मिसला सांगितलं. त्यांनी मला शेजारच्या खुर्चीत बसवलं. मग हळू आवाजात त्यांनी मला समजावलं. ज्याला घ्यायचंच असं ठरवलेलं असतं त्याच्याकडेच दोन ई मागतात. परीक्षेत तुझं काहीही होवो, तू आम्हाला हवी आहेस, असा त्याचा अर्थ. त्यांनी लगेच मँचेस्टरला फोन लावला. जागा दुसऱ्या कुणाला गेली होती.

घरी मी फक्त आईला सांगितलं. दैव देतं आणि कर्म नेतं, असं म्हणून तिने कपाळाला हात लावला. बाबांना आत्ता सांगू नकोस म्हणाली, आधी पेपर होऊ देत.

पेपरात मला येणारं गणितसुद्धा मी खोडून परत करत बसले, कारण डोळ्यांसमोर सारखा तो बी. ऑगस्टमध्ये निकाल आला. गणितात सी. लंडनच्या दोन्ही कॉलेजांनी नाही म्हटलं. मिसच्या खटपटीने एका पॉलिटेक्निकमध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या खालोखालच्या कॉलेजात, गणिताच्या डिग्रीला जागा मिळाली, पण मी दोन दिवस पांघरुणातून तोंड बाहेर काढलं नाही.

त्याच आठवड्यात बाबा एका संध्याकाळी घरी आले आणि गाडी दारात लावून आतच बसून राहिले. आईने मला बघायला पाठवलं. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. बाबांनी सांगितलं, त्यांच्या कन्सल्टंटच्या मुलालाही कुठल्याशा युनिव्हर्सिटीने दोन ई मागितले होते, आणि तो पास झाल्याचा केक वाटताना, त्यांनी मुलाला आधीच निवडलं होतं, असं साहेब सगळ्या वॉर्डाला सांगत होते.

"त्यांनी तुला तिथे काय विचारलं होतं?" बाबा म्हणाले. इतक्या महिन्यांत त्यांनी हे पहिल्यांदाच विचारलं.

मी पटाचं कोडं सांगितलं. स्टिअरिंगवर बोट फिरवत ते विचार करत राहिले.

"कापलेले दोन्ही कोपरे एकाच रंगाचे," ते म्हणाले. "आणि फरशी दर वेळी एक काळं, एक पांढरं झाकणार. नाहीच भरायचा पट."

मी मान हलवली. मला रडू आवरेना. आतल्या आत मी त्यांच्यावर चिडलेही होते, खोटं कशाला बोलू.

"मला वाटलं, ते कुणालाही घेतात," बाबा म्हणाले. "या देशात आपल्याला कुणी नुसतं ये म्हणेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही गं."

माझा राग तिथेच ओसरला. आम्ही आई हाक मारेपर्यंत तसेच बसून होतो.

पॉलिटेक्निकमध्ये मार्क पुन्हा आकड्यांत मिळायला लागले. पहिल्या टेस्टचा कागद मी मुद्दाम बाबांच्या पुढ्यात ठेवला आणि प्रश्नाची वाट पाहत उभी राहिले. त्यांनी चष्मा खाली घेतला, कागद पाहिला, आणि घडी करून मला परत दिला.

"तिथली माणसं तुझ्याशी नीट वागतात ना?" त्यांनी विचारलं.