तीन मिनिटं बाकी

आमच्या साडूभाऊंइतका गोंधळलेला माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात दुसरा कुणी दाखवला, तर मी मिशी उतरवून देईन. घोळ घालणारी माणसं आपल्याकडे कमी नाहीत, पण ती स्वतःचा फायदा बघून घोळ घालतात. साडूभाऊंचा गोंधळ एकदम निर्मळ. त्यांना दोन्ही बाजू पटतात, आणि मनापासून पटतात, हाच त्यांचा आजार. बाजारात दोन मेथीवाल्या शेजारी शेजारी बसलेल्या असल्या, तर हा माणूस एकीकडून जुडी घेतो, दहा पावलं जातो, दुसरीचा पडलेला चेहरा आठवतो आणि माघारी येऊन तिचीही जुडी घेतो. आठवड्यातले चार दिवस त्यांच्या घरी मेथी असते. नोकरी सरकारी, बदनापूरला, तुरीच्या बियाण्याची. दोन वाण शेजारी पेरायचे आणि त्यातला चांगला कोणता ते लिहून द्यायचं, एवढंच काम. नोकरीभर त्यांनी "दोन्ही चांगले आहेत" असंच लिहिलं. एकदा साहेब चिडले, तर हे शांतपणे म्हणाले, "साहेब, दुसरा बी तेवढ्याच पाण्यावर उगवला ना?" साहेबांनी पुढे त्यांना विचारायचंच सोडून दिलं.

आणि या माणसाला वेड कशाचं, तर हॉकीचं. आमच्याकडे पोरं चालायला लागायच्या आधी बॅट धरतात, तिथे साडूभाऊ हॉकीची मॅच असली की आंघोळ उरकून टीव्हीसमोर बसतात. त्यांच्याबरोबर मॅच बघणं म्हणजे डोक्याला ताप. सुरुवातीला ते आपल्या देशाकडून असतात, यात शंका नाही. पण आपण दोन गोल मारले की ते चुळबुळ करायला लागतात. समोरच्या गोलकीपरचं तोंड दिसलं की विरघळतात. त्याची आई कुठंतरी टीव्ही बघत असेल, म्हणतात. मग त्यानं एखादा बॉल अडवला की हे टाळ्या वाजवतात, लगेच स्वतःवरच रागावतात, पाणी पितात आणि जागा बदलून बसतात. मॅच संपली, आपण जिंकलो, शेजारी फटाके लागले, की ह्यांचा प्रश्न ठरलेला. "जिंकलं कोण ते कळलं. पण लायक कोण व्हतं?" त्यावर तास-दीड तास चर्चा, आणि शेवटी निष्कर्ष एकच, की दोघंही लायक होते, नीट सांगता येत न्हाई.

अशा माणसाच्या गळ्यात आम्ही पंचाची शिट्टी अडकवली होती. नवल आमचं करायला हवं. पण तेव्हा ते फार बराबर वाटलं होतं. जिल्ह्यात जीव ओतून हॉकी खेळणारे संघ दोनच, एक आमचा जालन्यातल्या मस्तगडचा आणि दुसरा बदनापूरचा. दरवर्षी शिल्डची फायनल या दोघांत व्हायची आणि पंच कुणाचा यावरून हमखास भांडण व्हायचं. साडूभाऊंचं घर जालन्यात, सासुरवाडी बदनापुरात. दोन्हीकडे ते सारखेच बांधलेले. तसा मीही बदनापूरचाच जावई, पण मी मस्तगडकडून फुलबॅक खेळायचो, आणि माझा धाकटा मेहुणा बदनापूरचा सेंटर फॉरवर्ड होता. म्हणजे फायनलच्या दिवशी सासुरवाडीत मला पाणीसुद्धा बायकोच आणून द्यायची.

आमच्या या सामन्यांत एक रीत होती. बॉल गोलात गेला की नाही हे पंचाला दिसलं नाही, तर त्यानं खेळ थांबवून गोलाजवळच्या खेळाडूपाशी जायचं आणि इमानानं सांग म्हणून विचारायचं. ज्याच्यावर गोल व्हायचा त्यालाच विचारायचं, ही त्यातली गंमत. आणि तो जे म्हणेल ते शेवटचं. आमचे कप्तान, मस्तगडात वेल्डिंगचं दुकान असलेले, घरात उर्दू बोलणारे, अंगानं दरवाजाएवढे, गोलकीपर होते. एका वर्षी त्यांना असंच विचारलं, तर खाली मान घालून "अंदर था साब" म्हणाले आणि आम्ही हरलो. महिनाभर मस्तगडातलं कुणी त्यांच्याशी बोललं नाही, पण दुकानातलं गिऱ्हाईक मात्र दुप्पट झालं.

आता ती फायनल. तिला एकोणीस वर्षं झाली. शून्य-शून्य, तीन मिनिटं बाकी. मेहुण्यानं धावत येऊन असा फटका मारला की त्याचाच पाय मुरगळून तो गुडघ्यावर पडला. कप्तान दुसऱ्या बाजूला झेपावले आणि पालथे झाले. जाळी फाटलेली होती आणि चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ कप्तानांच्या पॅडांनी कधीच पुसून टाकली होती. रेघेवर मी एकटा. मी स्टिक फिरवली, बॉल मैदानात भिरकावला गेला आणि एकच गलका झाला. बदनापूरकर गोल म्हणून नाचत आत आले, आमचे लोक न्हाई म्हणून. त्या धुळीतून साडूभाऊ माझ्यापर्यंत पोचले. पंच झाले तरी रीतभात सोडली नाही त्यांनी. "पाव्हणे," ते म्हणाले, "इमानानं सांगा. बॉल आत गेल्ता का?"

"मला दिसलं न्हाई," मी म्हणालो.

रीतीत हे उत्तरच नव्हतं. हो किंवा नाही, एवढंच आजवर लोकांनी सांगितलं होतं. दुसरा कुणी पंच असता तर गोल नाही म्हणून खेळ पुढे चालू केला असता. साडूभाऊंनी डोकं खाजवलं, आकाशाकडे बघितलं आणि दोन्ही संघांना सांगितलं की मी विचार करून सांगतो. तोवर खेळ थांबवा आणि शिल्ड माझ्या घरी राहू द्या. तो विचार एकोणीस वर्षं चालला. पुढच्या वर्षी स्पर्धा भरवायची वेळ आली तेव्हा दोन्ही संघ म्हणाले, आधी जुनं मिटवा. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. मग पोरं क्रिकेटकडे गेली, मैदानात लग्नाचे मंडप पडायला लागले आणि आमची स्पर्धा जी बंद पडली ती पडलीच.

राहिली ती रविवारची बैठक. सकाळी बदनापूरची मंडळी पॅसेंजरनं जालन्याला उतरतात, आम्ही मस्तगडचे जातो, आणि स्टेशनसमोरच्या हॉटेलात ती फायनल पुन्हा मांडली जाते. दोन बशा म्हणजे गोलपोस्ट. साखरेची बरणी म्हणजे कप्तान. बॉल म्हणजे शेंगदाणा. आणि मी म्हणजे चमचा. एकोणीस वर्षं मला लोक चहात बुडवून, पुसून त्या दोन बशांमध्ये ठेवतायत. साडूभाऊ डोळे बारीक करून, वाकून बघतात, बदनापूरकरांचं ऐकून बराबर म्हणतात, मग कप्तानांचं ऐकून हे बी बराबर म्हणतात. एकदा तर त्यांचं जवळजवळ ठरत आलं होतं, पण बोलता बोलता कुणीतरी शेंगदाणा खाऊन टाकला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. कप्तानांचा मुद्दा मात्र कधी बदलला नाही. ते माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "हमारा फुलबॅक झूठ नै बोलता. गोल हुआइच नै." मी तेव्हा चहा ढवळत बसायचो. मेहुणाही यायचा, लंगडत. त्या फटक्यानंतर त्याचा गुडघा काही सुधारला नाही, तो त्याचा आयुष्यातला शेवटचा फटका ठरला. तो फार वाद घालायचा नाही. गोल व्हता, एवढंच म्हणायचा. बशा सरकवायचा, बरणी हलवायचा, पण चमच्याला त्यानं कधी हात लावला नाही. मला वाटायचं, त्याचं लक्षच नाही.

या बैठकीवर मी घरी येऊन बायकोला नकला करून दाखवायचो. साडूभाऊंची मान कशी लंबकासारखी हलते ते बघून ती हसून हसून खाली बसायची. अख्खा गाव त्यांना हसायचा, तर मी का मागे राहू?

या उन्हाळ्यात साडूभाऊंचं पुण्याला मुलीकडे कायमचं राहायला जायचं ठरलं. ठरलं म्हणजे मुलीनं ठरवलं, हे अजून दोन्ही बाजू बघत होते. सामान बांधायला मी दुपारी त्यांच्याकडे गेलो. कपाटावरून शिल्ड उतरवली, जुन्या धोतरात गुंडाळलेली. साडूभाऊ तिच्याकडे बघत पलंगावर बसले. मग उठले, पेटीतून शिट्टी काढली, गळ्यात घातली, आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मला आधी हसू आलं. मग त्यांचं तोंड बघितलं आणि हसू गेलं.

"पाव्हणे," ते म्हणाले, "लोकांचं ऐकू ऐकू माझं डोकं चालंना. मला आता जायचंय. इमानानं सांगा. बॉल आत गेल्ता का?"

मी शिल्डचं धोतर घडी करत होतो. ते तसंच पलंगावर ठेवलं. "गेल्ता, भाऊ," मी म्हणालो. "माझ्या टाचेच्या मागं व्हता. मी स्टिकनं बाहेर काढला."

ते पलंगाच्या कडेला टेकले. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला तेव्हा दिसला व्हता, की आता वाटून राह्यलंय?" एवढं होऊनही त्यांना माझीच दुसरी बाजू सापडली होती. मला रडू आलं. मी सांगितलं की तेव्हाच दिसला होता. त्या दिवशी हरायची भीती वाटली, नंतर मेहुण्याच्या पायाकडे बघायची, आणि मग कप्तानांच्या थापेची. माझ्या एका शब्दापायी स्पर्धा बंद पडली, आणि हसणं मात्र तुमच्या वाट्याला आलं, हेही मी बोलून टाकलं. साडूभाऊंनी खिशातला रुमाल दिला आणि विचारलं, बदनापूरला पॅसेंजर किती वाजता आहे.

मेहुणा अंगणात फवारणीचा पंप धूत बसला होता. आम्हाला शिल्डसकट बघून त्यानं हातातलं ठेवून दिलं. त्याला काय आणि कसं सांगायचं हे मी गाडीत तीनदा जुळवलं होतं. त्याची गरजच पडली नाही. साडूभाऊंनी अंगणाच्या मध्यावर उभं राहून शिट्टी तोंडात घातली आणि फुंकली. एकोणीस वर्षांची शिट्टी ती, पहिल्यांदा नुसती हवा निघाली. दुसऱ्यांदा वाजली. मग त्यांनी दोन्ही हात फाटकाकडे केले, गोल देताना पंच मधल्या रेषेकडे करतात तसे. मेहुणा खुर्चीला धरून उठला आणि, खरं सांगतो, लंगडत लंगडत फाटकाकडे निघाला, गोल झाल्यावर खेळाडू आपल्या बाजूला परत जातात तसा. तिथे जाऊन तो वळला. "पाव्हण्यांनी सांगितलं," साडूभाऊ म्हणाले.

मेहुण्यानं माझ्याकडे बघितलं. "मी खाली पडलो व्हतो ना, दाजी," तो म्हणाला. "जमिनीवरून बराबर दिसतं."

म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. एकोणीस वर्षं तो गोल व्हता म्हणत राहिला, पण दाजी खोटं बोलले असं त्याच्या तोंडून एकदाही निघालं नाही. बहिणीच्या घरचा माणूस म्हणून. मी शिल्ड उचलली आणि त्याच्या हातात द्यायला पुढे केली. तेवढ्यात साडूभाऊ मध्ये आले.

"थांबा," ते म्हणाले. "अजून तीन मिनटं बाकी हायेत."

शिल्ड आता माझ्या घरी आहे. तीन मिनिटं खेळली जाईपर्यंत तुमच्याकडंच ठेवा, असं जाताना साडूभाऊच म्हणाले. माझ्याकडेच का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. बायको तिच्यावरची धूळ पुसते आणि माझ्याकडे बघत नाही. सगळं कळल्यावर कप्तान दोन रविवार आलेच नाहीत. तिसऱ्या रविवारी आले, माझ्यापासून दूरच्या खुर्चीवर बसले, आणि बदनापूरकरांना म्हणाले की तीन मिनटं म्हणजे बहोत हुई, तेवढ्यात आम्ही दोन मारले असते. साडूभाऊंचा पुण्याहून फोन येतो, तोही बैठकीच्या वेळेलाच. कप्तानांचं बराबर वाटतंय म्हणतात. बदनापूरचं बी. पुण्याला चहा बरा मिळतो, पण इथं कुणी भांडत न्हाई, म्हणतात, आणि फोन ठेवायचा की नाही हे ठरत नसल्यासारखे उगाच थांबून राहतात.

गेल्या रविवारी मेहुण्यानं बशा मांडल्या, बरणी आडवी केली. मग माझ्या कपातला चमचा उचलला, पुसला, आणि बशांच्या मधोमध ठेवला. "दाजी, तुम्ही हितं व्हते ना?"

"हो," मी म्हणालो. "हितंच."

त्यानं शेंगदाणा चमच्याच्या मागं ठेवला. बैठक उठेपर्यंत तो कुणी खाल्ला नाही.