बाइंडरचाचांचं लाल पुस्तक

भूगोलाच्या पुस्तकाने मी एका म्हातारीचं पाणी तोडलं. आमच्या घरात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आहे. मुलं, पुतणे, पाहुण्यांची पोरं, सगळ्यांना मी गोष्टी सांगतो. ही गोष्ट मात्र मी आजवर टाळली, कारण हिच्यात मी शोभून दिसत नाही.

लढाईची वर्षं होती. आमचं गाव कडेगावच्या वाटेवरचं. हद्द साताऱ्याची, पण बाजार आणि दवाखाना सांगली-मिरजेचा. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो आणि वाचनालयाचा बिनपगारी चिटणीस. एके दिवशी तानाआक्का आल्या. त्यांचा एकुलता एक महादू फौजेत होता. सरकारी कागद आला होता की तो सापडत नाही, तपास चालू आहे. आक्कांनी विचारलं, "मास्तर, ते आफ्रिका का काय म्हंत्यात, ते कसं हाय वो गाव?" आता 'मोठं आहे, लांब आहे' एवढं म्हणून गप्प बसावं की नाही? मी कपाटातून जाडजूड पुस्तक काढलं, नकाशा पसरला आणि वाळवंटावरचं अख्खं प्रकरण वाचून दाखवलं. पाण्याचा थेंब नाही, वाळूची वादळं उठतात, वाट चुकलेला माणूस फार काळ तग धरत नाही. सगळं छापलेलं, सगळं खरं. आक्का "बरं हाय" म्हणून गेल्या. चार दिवसांनी कळलं की त्या उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत पाणी पीत नाहीत. पोराला मिळत नाही, तर आपण कसं प्यायचं!

त्यांना परत पाणी प्यायला लावलं ते बाइंडरचाचांनी.

बाजारपेठेच्या टोकाला चाचांचं पुस्तकं बांधायचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक फळी, पुस्तकं दाबून ठेवायचा एक शिकंजा, खळीचं घमेलं आणि बसायला पोतं. वाचनालयाची फाटकी पुस्तकं त्यांच्याकडे जात. त्यांची एक खोड होती. शेतकीचं, आरोग्याचं, इतिहासाचं पुस्तक दोन दिवसांत बांधून परत येई. कादंबरी दिली की पंधरवडा गेलाच समजा. मी चिडून विचारायला गेलो की म्हणत, "गोष्टीचं पुस्तक वाळाया येळ लागतोय मास्तर. आतनं वलं असतंय." शिकंज्यातून अर्धवट बाहेर काढलेली कादंबरी मांडीवर घेऊन, ओठ हलवत ते वाचत बसलेले असत. पान उलटताना बोटाला खळ लागे. आमच्या वाचनालयातल्या सगळ्या कादंबऱ्यांची पानं त्यामुळे जोडीजोडीने चिकटलेली असत. वाचक तक्रार करीत, आणि ती तक्रार मी मोठ्या आवडीने वहीत लिहून घेई.

कारण कादंबरी या प्रकाराशीच माझं वैर होतं. मी स्वतः 'निरुपयोगी वाचनाचे दुष्परिणाम' नावाचं चाळीस पानी पुस्तक सांगलीहून छापून आणलं होतं. त्याच्या प्रती आमच्या पलंगाखाली होत्या. केर काढताना बायको त्या बाहेर ओढी आणि केर काढून झाला की परत आत ढकली. एवढाच त्यांचा खप. एक प्रत चाचांकडून लाल कापडात बांधून घेऊन मी वाचनालयात दर्शनी ठेवली होती. ती कोणी नेली नाही. सहा महिन्यांनी मीच ती चाचांना भेट म्हणून दिली, सुधारणा व्हावी म्हणून.

"चाचा, नसलेल्या माणसांसाठी डोळ्यांतून पाणी काढता, लाज नाही वाटत?" मी एकदा म्हणालो.

"असलेली मान्सं दार लावून घेत्यात मास्तर," चाचा दोरा ओवत म्हणाले. "त्येंच्या घरात आपल्याला कोन शिरू देतंय? ही न्हाई लावत. बसा म्हंत्यात, बघा आमचं कसं चाललंय."

"मग आमची पुस्तकं काय फुकट?"

"तसं कसं? उद्या इचू चावला तर तुमच्याच पुस्तकाकडं पळत येनार. पर इचू काय रोज चावतोय व्हय?"

वाळवंटाच्या प्रकरणावर ते मला एवढंच बोलले होते, "तुमच्या पुस्तकात वाळू लय हाय, मास्तर. मानूस एकबी न्हाई. म्हातारी त्या वाळूत एकलीच गेली की वो."

मग त्यांनी आक्कांना दुकानात बसवून घेतलं. रोज दुपारी आक्का पोत्यावर बसत आणि चाचा काम बाजूला सारून वाचत. कादंबरी होती नदीकाठच्या एका बाईची. तिचा नवरा घोडे विकायला उत्तरेकडे गेलेला, परत आलेला नाही, आणि ती त्याच्या मागे घर, शेत, सासू सगळं ओढते आहे. ऐकता ऐकता चाचा तांब्या पुढे करीत आणि आक्का भर दुपारी पाणी पीत. "ती बाई खमकी हाय," आक्का म्हणत. "रडती, पर चूल इजवत न्हाई."

हे मला माहीत होतं. माहीत असून मी पुढचं केलं.

लढाईने कागद मिळेना, पुठ्ठा तर दिसेना. वाचनालयाच्या सभेत मी ठराव मांडला की जुन्या कादंबऱ्यांची पानं खळीने एकावर एक चिकटवून त्यांचे पुठ्ठे करावेत आणि त्यांत उपयुक्त ग्रंथ बांधावेत. पंच मंडळींना जेवायला जायचं होतं, ठराव पास झाला. मी तसाच चाचांच्या दुकानात गेलो. वाचन चालू होतं.

चाचांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "बाकीची न्या मास्तर. ही चार दिस ऱ्हाऊ द्या. मधीच हाय."

आक्कांसमोर माझा शब्द खाली पडतो आहे असं मला वाटलं. मी पुस्तक त्यांच्या हातातून घेतलं, पाठीवरचं कापड ओढलं, शिवण तोडली आणि सुटी पानं खळीच्या घमेल्यात टाकली. काम कसं करायचं ते दाखवावं, अशा थाटात.

आक्का घमेल्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मास्तर, त्या बाईचं काय झालं मग?"

मी म्हणालो, "काही झालं नाही, आक्का. अशी बाई नव्हतीच."

आक्कांनी पदर सारखा केला आणि त्या उठून गेल्या. चाचा घमेल्यातून एकेक पान काढून फळीवर पसरत होते. शाई फुटून अक्षरांचे डाग झाले होते. घरी आलो तर बायकोने ताट वाढलं आणि ती आत निघून गेली. गाव लहान, वाक्य माझ्याआधी घरी पोचलं होतं.

आक्का पुन्हा दुकानात आल्या नाहीत. त्यांचं पाणी परत तुटलं, जेवणही. मग आठवड्याभराने चाचाच त्यांच्या सोप्यावर जाऊ लागले. रोज दुपारी दुकानाची फळी लावायची, काखेत एक लाल पुस्तक घ्यायचं आणि निघायचं. दुसरी प्रत मिळवली असेल, असं मी समजलो. बरंच वाटलं. पाप परस्पर फिटत असेल तर कोणाला नको असतं! आक्का पुन्हा जेवू लागल्या, पाणी पिऊ लागल्या, शेतावरही जाऊ लागल्या. कादंबरी मात्र संपेना. वर्ष गेलं तरी घोडेवाल्याची बायको नदीकाठी वाट बघतच होती. एवढी मोठी ती कादंबरी नव्हती, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. पण मी ती वाचली होती कुठे?

पुढच्या उन्हाळ्यात दुसरा कागद आला. इंग्रजीत होता, म्हणून मला बोलावलं. वाळवंटात महादूला पुरलं होतं ती जागा सापडली होती. मी वाचलं आणि मराठीत सांगितलं, एका दमात, धडा संपवावा तसं. मला दुसरं काही येतच नव्हतं. आक्का खांबाला टेकल्या. मग म्हणाल्या, "चाचास्नी बोलवा. आता शेवट सांगा म्हनावं."

चाचा आले. सोप्यावर बायका जमल्या होत्या, त्यांत आमचीही होती. चाचांनी लाल पुस्तक उघडलं. मी अंगणात गोठ्याजवळ उभा होतो. दार उघडंच होतं, पण माझा पाय उचलला नाही. चाचांचा आवाज येत होता, शब्द लागत नव्हते. मधेच आक्का मोठ्याने रडल्या, मग सगळ्याच रडल्या, आणि मग आक्कांचा आवाज आला, "वाचा पुढं."

लढाई संपल्यावर चाचा मिरजेला लेकीकडे गेले आणि तिथेच वारले. मी भेटायला जाणार होतो. या रविवारी, त्या रविवारी, असं करता करता राहिलं.

आक्का त्यानंतर दोनेक वर्षांनी गेल्या. दहावं झाल्यावर त्यांचा पुतण्या आमच्या घरी आला. रुमालात गुंडाळलेलं पुस्तक माझ्या हातात देऊन म्हणाला, "आक्का सांगून गेली, ही चाचांची कादंबरी वाचनालयाची हाय, मास्तरांकडं पोचती करा."

लाल कापड हळदीकुंकवाने डागाळलं होतं. मी पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर माझं नाव होतं. 'निरुपयोगी वाचनाचे दुष्परिणाम.' चाळीस पानं, एकेक पान खळीच्या बोटांनी शंभरदा उलटलेलं. 'कादंबरीने मन दुबळे होते' या प्रकरणाचा तर कोपराच झिजून गेला होता. आक्कांना अक्षर येत नव्हतं. चाचा मनाने सांगताहेत असं कळलं असतं, तर त्यांना त्या बाईचा भरवसा वाटला नसता. म्हणून चाचा माझं पुस्तक समोर धरून, रोज दुपारी, त्यात नसलेली बाई जिवंत ठेवत होते.

बायको माझ्या खांद्यावरून बघत होती. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"तुला ठाऊक होतं?"

"मी शेजारीच बसले होते. मला वाचता येतं."

मी पुस्तक मिटलं, उघडलं, परत मिटलं. शेवटी विचारलं, "चाचांनी शेवट काय केला गं?"

ती पाट ओढून समोर बसली आणि म्हणाली, "सांगते. पण अशी बाई नव्हतीच, असं मधेच म्हणायचं नाही."